वाचनठसा

केवटे बाईंना बोलल्याशिवाय राहवत नसे. म्हसवडजवळच्या एका वाडीवर, दोन शिक्षकांच्या शाळेत, त्यांनी बत्तीस वर्षं मुलं शिकवली. तेवढ्या काळात कुणाची सोयरीक कशावरून फिसकटली, कुणाच्या पोराला गणितात भोपळा मिळाला, कुणाची सून माहेरी का गेली, हे बाईंना कळलं की दुसऱ्या दिवशी अख्ख्या वाडीला कळलेलं असायचं. स्वभावानं वाईट नव्हत्या हो. माणसांविषयी बोलणं हीच त्यांची माया करायची रीत होती. निवृत्त झाल्या, पाठोपाठ केवटे मास्तर गेले, आणि बोलायला घरात कुणी उरलं नाही. तेव्हा त्यांनी ब्लॉग काढला आणि त्याचं नाव ठेवलं 'फळा'.

साल दोन हजार एकोणचाळीस. डोळ्यांवर चष्मा चढवला की हवं ते समोर हलतं-बोलतं उभं राहण्याचा जमाना, त्यात ब्लॉग लिहायचा म्हणजे जरा हसण्यासारखंच. पण बाई दर रविवारी सकाळी आंघोळ-पूजा आटोपून हजारभर शब्द लिहायच्या, आणि शे-दोनशे माणसं ते इमानानं वाचायची. वाडीवरचे, म्हसवडातले, पुण्या-मुंबईला पांगलेले जुने विद्यार्थी. आपलं नाव कधी फळ्यावर येईल याचा नेम नव्हता, म्हणून तर लक्ष ठेवावंच लागायचं.

अशाच एका रविवारी बाईंनी स्वतःच्या लेकीवर लिहिलं. शर्वरीचं लग्न दीड वर्षात मोडलं होतं, त्याआधी पाचव्या महिन्यात तिचं पोटातलं मूल गेलं होतं. बाईंना ते दुःख सोसेना. त्यांनी 'एक मुलगी' असं म्हणून सगळं लिहून टाकलं आणि लिहिताना ढसाढसा रडल्या. वाचणारेही रडले. ती एक मुलगी कोण, हे न ओळखणारा एकही जण त्यांच्यात नव्हता. शर्वरीला ते तिच्या ऑफिसातल्या मैत्रिणीनं दाखवलं. ती भांडली नाही. "आई, ते माझं होतं. तू ते लोकांत वाटलंस," एवढंच फोनवर म्हणाली आणि नंबर बदलून टाकला. हैदराबादला असते, बरी आहे, इतकं बाईंना भाचीकडून, म्हणजे प्राचीकडून कळायचं. प्राची साताऱ्याला राहायची आणि महिन्या-दोन महिन्यांनी डोकावून जायची. या गोष्टीला आता सहा वर्षं झाली होती.

त्यानंतर बाईंनी लेकीच्या संसाराविषयी एक ओळ लिहिली नाही. पण दर रविवारी लिहायच्या ते तिच्यासाठीच. शर्वरी वाचत असेल का, या एका प्रश्नावर त्यांचा जीव टांगणीला लागलेला असायचा. वाचत असेल तर अजून काही तुटलेलं नाही. नसेल, तर मग कशाला लिहायचं आणि कशाला उठायचं सकाळी, असं त्या प्राचीपाशी उघड बोलून दाखवत.

आणि नेमका याच सुमाराला 'पाहुणा' आला.

पाहुणा हा ब्लॉगवाल्यांसाठी बनवलेला एक छोटा प्रोग्राम. ब्लॉगवर कोण आलं, किती वेळ बसलं, हे मोजणारी यंत्रं पूर्वीही होती. ती वाचणाऱ्याच्या फोनमध्ये खूणचिठ्ठी ठेवून यायची आणि पुढच्या खेपेला तीच चिठ्ठी पाहून त्याला ओळखायची. मग कायदा झाला, चिठ्ठ्या बंद झाल्या, आणि लोकांना वाटलं की सुटलो. पण फोनची काच तुमचा अंगठा सेकंदाला शेकडो वेळा टिपत असते. वाचताना माणूस मजकूर किती वर सरकवतो, कुठं थबकतो, कुठं मागं येऊन तीच ओळ पुन्हा वाचतो, यात प्रत्येकाची एक लय असते. ती लय आपण ठरवून आणत नाही, त्यामुळं ठरवून बदलताही येत नाही. दोन-तीन हजार शब्द वाचून होईस्तोवर ती यंत्राला पक्की कळते. याला त्यांनी नाव दिलं वाचनठसा. फोन बदला, नंबर बदला, नाव बदला, तुमचा ठसा तुमच्याबरोबर येतो.

कंपनीचा दावा असा, की आम्ही नाव विचारतच नाही, म्हणजे कुणाच्या खासगीपणाला धक्का लावत नाही. आम्ही फक्त ठशाला आकडा देतो. आता ज्याच्यापाशी माणसाच्या वाचण्याचा जुना नमुना आहे, त्याला त्या आकड्याचं नाव कळायला कितीसा वेळ लागणार? पण ते कायद्यात बसत नव्हतं आणि कंपनीच्या जाहिरातीतही नव्हतं.

बाईंकडं नमुना होता. शर्वरीचा कॉलेजातला टॅब्लेट ट्रंकेत, तिच्या साड्यांखाली पडून होता. म्हसवडातल्या मोबाइल दुकानदारानं तो चार्ज करून दिला आणि त्यात साठलेली वाचनाची नोंद पाहुण्याला जोडून दिली. तीन दिवसांनी बाईंच्या फोनवर उत्तर आलं. तुमच्या वाचकांपैकी सर्वांत जवळचा ठसा या नमुन्याशी एक्याण्णव टक्के जुळतो.

बाई देवापुढं साखर ठेवून आल्या. सहा वर्षांत पहिल्यांदा त्यांनी स्वतःसाठी शिरा केला.

पाहुणा आणखीही सांगायचा. हा वाचक इचलकरंजीत आहे. रविवारी टाकलेलं सोमवारी वाचतो, दुपारी एक ते दीडच्या मध्ये. बाईंनी प्राचीला विचारलं, शर्वरी इचलकरंजीला कशी गं? प्राची म्हणाली, छे, हैदराबादलाच आहे. बाईंनी मनाशी ठरवून टाकलं की प्राचीला गप्प बसायला सांगितलंय.

मग बाई त्या एका अंगठ्यासाठी लिहू लागल्या. कुठं थांबली, कुठून मागं आली, हे डोळ्यांत तेल घालून बघायच्या आणि पुढच्या रविवारी तसलंच आणखी वाढायच्या. एकदा त्यांनी शाळेच्या हौदाची गोष्ट लिहिली. चौथीतली रेश्मा हौदात पडली होती आणि शर्वरीनं तिची वेणी धरून तिला वर ओढलं होतं. दोघी एकाच वर्गातल्या. त्या गोष्टीवर इचलकरंजीचा वाचक अकरा वेळा थांबला. बाईंना भरून आलं. लेकीला आपलं लहानपण आठवतंय, याहून आईला दुसरं काय हवं?

पण पाहुण्याची माहिती एका ब्लॉगपुरती नव्हती. तो बसवलेली हजारो पानं होती आणि एखादा ठसा त्यांपैकी कुठं कुठं जाऊन आला, हे थोडे पैसे भरले की दिसायचं. बाईंनी भरले. इचलकरंजीच्या वाचकानं बाकी काय वाचलं होतं? नोकरदार बायकांचं वसतिगृह. राहता पत्ता नवऱ्याला कळू न देता घटस्फोटाचा अर्ज कसा करावा. कानाचा पडदा फाटल्यावर ऐकू येणं परत येतं का.

बाईंच्या जिवाचं पाणी पाणी झालं. पोरीनं दुसरं लग्न केलं, तेही आपल्याला न सांगता, आणि तो मारतोय. एक्याण्णव टक्क्यांपुढं त्यांना दुसरं काही सुचेचना. त्या रविवारी त्यांनी सहा वर्षांचं व्रत मोडलं आणि लेकीला उघड हाक मारली. लिहिलं की शर्वरी, तू इचलकरंजीत आहेस, मला माहीत आहे. जेवणाच्या सुट्टीत तू माझा फळा वाचतेस. हौदाच्या गोष्टीवर अकरा वेळा थांबलीस. तुझ्यावर काय बेतलंय तेही कळलंय. मी येते आहे, इचलकरंजीच्या स्टँडवर दुपारी एक वाजता बसेन, तू येईपर्यंत रोज बसेन.

सोमवारी पहाटेच्या एसटीनं निघून त्या स्टँडवर पोचल्या आणि चौकशीच्या खिडकीसमोर डब्यात पुरणपोळ्या घेऊन बसल्या. त्या दिवशी कुणी आलं नाही. जवळच्या एका लॉजवर मुक्काम करून मंगळवारी पुन्हा बसल्या. दीड वाजत आला तेव्हा तोंडाला ओढणी गुंडाळलेली एक बाई रसाच्या गाड्यामागून पुढं आली. ती तिथं अर्धा तास उभी राहून, बाईंबरोबर आणखी कुणी नाही ना, हे बघत होती. तिनं ओढणी खाली केली. ती रेश्मा होती.

बाईंना पहिल्यांदा वाटला तो राग. ही कुठून मध्येच तडमडली, शर्वरी लांबून पाहून परत जायची. त्यांनी तसं म्हटलंही, की अगं जरा बाजूला हो, मी कुणाची तरी वाट बघतेय.

"बाई, ती मीच," रेश्मा म्हणाली. "इचलकरंजीतनं तुमचा फळा वाचती ती मीच."

बाई ऐकायला तयार नाहीत. यंत्र काय खोटं बोलतं का, एक्याण्णव टक्के म्हणजे काय गंमत आहे का, असं त्या बोलत राहिल्या. शेवटी त्यांनी स्वतःचा फोन रेश्माच्या हातात कोंबला आणि वर्गात म्हणत तसं म्हणाल्या, वाच. रेश्मानं मुकाट्यानं वाचायला घेतलं. बाई तिच्या अंगठ्याकडं बघत होत्या. तीन शब्दांएवढा मजकूर सरकायचा, अंगठा थांबायचा. पुन्हा तीन शब्द, पुन्हा थांबायचा. वाक्य संपलं की अंगठा मागं येऊन अख्खं वाक्य एका दमात वर न्यायचा.

हे त्यांनीच शिकवलं होतं. पुस्तकावर बोट ठेवा, तीन शब्द वाचा, थांबा, वाक्य संपलं की पहिल्यापासून एका श्वासात पुन्हा म्हणा. बत्तीस वर्षं ही त्यांची पद्धत होती. न चुकता वाचणारी मुलं म्हणून तालुक्यात त्यांच्या शाळेचं नाव होतं. पाहुणा बनवणाऱ्यांनी ठसे तपासले ते शहरातल्या माणसांवर, कुणी घरी शिकलेलं, कुणी तीन शाळा बदललेलं, त्यामुळं प्रत्येकाची लय वेगळी. एकाच बाईच्या हाताखाली पहिली ते चौथी काढलेली वाडीची वाडी त्यांच्या हिशेबात नव्हती. वाडीवरचे कितीतरी ठसे त्या नमुन्याशी जुळत असणार, पाहुण्यानं फक्त सर्वांत जवळचा दाखवला होता. शर्वरीचा ठसा आणि रेश्माचा ठसा एकच होता, कारण तो मुळात बाईंचा होता.

रेश्माला सांगायला फार वेळ नव्हता, सुट्टी संपत आलेली. शिवणकामाच्या कारखान्यात होती, वसतिगृहात दुसऱ्या नावानं राहत होती. डाव्या कानानं आता ऐकू येत नव्हतं. नवऱ्यानं, वाडीवरच्याच नवनाथनं, चौदा महिने शोधलं तरी ती सापडली नव्हती. फोन बदलला, माहेरी एक शब्द कळवला नाही, सगळं सगळं सोडलं. फक्त बाईंचा फळा तेवढा सोडवला नाही, कारण त्यात वाडी दिसायची.

"त्यो पण वाचतो तुमचा फळा. अख्खी वाडीच वाचती," रेश्मा म्हणाली. "हौदात कोण पडलं हुतं, हे तितं कुणाला ठावं न्हाई, बाई? त्या गोष्टीवर अकरा येळा थांबणारी मी बी असू शकती, हे त्याला कळंल की."

बाई लगेच फोन उघडून ते लिखाण पुसायला निघाल्या, तर रेश्मानं त्यांचा हात धरला. आता पुसलं तर त्याला खात्रीच पटेल, ती म्हणाली. अजून त्याच्या डोक्यात नुसती शंका असेल. शर्वरी हैदराबादला असते हे वाडीला ठाऊक आहे, मग बाईंनी इचलकरंजी का लिहिलं, एवढ्यावरच तो अडला असेल.

"मग मी करू तरी काय?"

रेश्मा खाली बघून बोलली. "तुमची लेक तुमाला भेटली, असं लिवा." आपण काय मागतोय हे तिला कळत होतं. तिनं फळ्यावरचं सगळं वाचलेलं होतं, सहा वर्षांपूर्वीचंही. "मला पुन्हा पळायला लावू नका, बाई. आता कुठं जाऊ मी?"

पुरणपोळ्यांचा डबा तिच्या पिशवीत घालून बाई परतीच्या एसटीत बसल्या. मिरज मागं पडेपर्यंत त्यांनी फोन हातात घेतला नाही. नंतर लिहायला घेतलं. माझी शर्वरी मला भेटली. हैदराबाद सोडून ती वर्षभरापासून इचलकरंजीत आहे. स्टँडवर माझ्या मांडीवर डोकं ठेवून रडली. दुसऱ्या संसारानंही तिला सुख दिलं नाही. म्हणाली, आई, रेश्माची वेणी धरून ओढलं तो हात अजून मला आठवतो. बाईंना लिहिण्याचा हातखंडा होता, त्यामुळं त्यातला शब्द न् शब्द खरा वाटत होता. आपण हे काय करतोय याची त्यांना पुरेपूर जाणीव होती. ज्या गुन्ह्यापायी लेक तुटली, तोच त्या पुन्हा करत होत्या, आणि या खेपेला खोटं लिहून. विट्याला गाडी थांबली तेव्हा त्यांनी ते फळ्यावर टाकलं.

बुधवारी दुपारी नवनाथ माने घरी आला. ट्रॅक्टरच्या शोरूममध्ये कामाला होता, कपडे स्वच्छ, बोलणं गोड. चप्पल दाराबाहेर काढून बाईंच्या पाया पडला. सहज आलो म्हणाला, शर्वरीताई भेटल्याचं वाचलं, बरं वाटलं. बाईंनी चहा टाकला. तो कप हातात घेऊन एकेक विचारू लागला. ताई हैदराबादहून तिकडं कधी आल्या? कामाला कुठं असतात? गंमत बघा, आपल्या वाडीतल्या पोरांना कुणालाच कसं ठाऊक नाही? बाई उत्तरं देत होत्या आणि पदरानं मान पुसत होत्या. शर्वरीताईंशी फोनवर दोन शब्द बोलता येतील का, असं त्यानं विचारलं आणि तेवढ्यात बाईंचा फोन वाजला. नंबर अनोळखी होता.

"आई, मी शर्वरी."

सहा वर्षांनी कानावर पडलेला तो आवाज होता. बाईंनी फोन कानाशी घट्ट दाबून धरला. समोर नवनाथनं कप खाली ठेवला होता.

शर्वरी भराभर बोलत होती. प्राचीनं तिला दोन्ही लिखाणं पाठवली होती. पहिलं वाचून तिला आईची काळजी वाटली होती, एकटी बाई परक्या गावात स्टँडवर आपली वाट बघत बसलीय म्हणून ती रात्रभर तळमळली होती, फोन करायचाच असं ठरवलं होतं. आणि मग दुसरं आलं. "मी तुला भेटले? दुसरं लग्न? आई, मागं निदान खरं तरी लिहिलं होतंस." मग ती पुढं म्हणाली, "हे बघ, मला भांडायचं नाहीये. मलाही आता होत नाही असं तुटून राहणं. तू ते काढून टाक. आत्ता, मी फोनवर असताना काढ. काढलंस तर मी दिवाळीला घरी येते."

नवनाथ बाईंच्या चेहऱ्याकडं बघत होता.

"पोचलीस का गं कामावर?" बाई म्हणाल्या. "पोळ्या खाल्ल्यास का?"

"आई? काय बोलतेयस तू?"

"नाही गं, ते राहू दे तसंच." बाईंनी दुसऱ्या हातानं खुर्चीचा दांडा धरला होता. "खरं तेच लिहिलंय ना मी? मग कशाला काढायचं?"

पलीकडून शर्वरी "बरं" म्हणाली आणि फोन बंद झाला.

बाई बोलतच राहिल्या. वसतिगृहात पाणी येतं का नीट, डॉक्टरला दाखवून घे, पुढच्या महिन्यात मी येतेच आहे, तुला लसणाची चटणी आणते. मुक्या फोनवर त्या दोन मिनिटं बोलल्या असतील. मग फोन ठेवून त्यांनी नवनाथला, आणखी चहा घेता का नवनाथराव, असं विचारलं. ताईंशी बोलायचं राहूनच गेलं की तुमचं, तिची सुट्टी संपली, कारखान्यात फोन लावू देत नाहीत. नवनाथ उठला. त्याच्या चेहऱ्यावरचं काहीतरी विझल्यासारखं झालं होतं. नशीबवान आहात बाई, तुमचं माणूस तुम्हाला सापडलं, असं म्हणून तो चपला घालून गेला.

तो फाटकाबाहेर पडल्यावर बाईंनी त्या अनोळखी नंबरावर फोन लावला. लागला नाही. दिवसभरात बारा-तेरा वेळा लावला. नंबर त्यांच्यासाठी बंद झाला होता.

पुढच्या सोमवारी एक वाजून दहा मिनिटांनी पाहुण्यात इचलकरंजीचा ठसा उमटला. भेटीचं ते खोटं लिखाण त्यानं सबंध वाचलं, तीन-तीन शब्द करून, आणि शेवटच्या ओळीवर चार मिनिटं थांबला. रेश्मा होती तिथंच होती. तो ठसा जाईपर्यंत बाई बघत बसल्या. मग त्यांनी फळ्यावरून पाहुणा काढून टाकला. आता त्यांना रेश्माची खबर कधी कळणार नव्हती, आणि यापुढं कधी शर्वरीनं वाचलंच, तर तेही कळणार नव्हतं.

त्या शनिवारी प्राची साताऱ्याहून आली ती तडक आत येऊन बसली, पाणीसुद्धा घेतलं नाही. शर्वरी आता तुझं नाव काढू देत नाही, म्हणाली. मावशी, झालं तरी काय? तुला भास होतात का? डॉक्टरकडं जाऊ या का? काही कारण असेल तर मला सांग, मी तिला समजावते, माझं ती ऐकते.

बाईंनी तिच्याकडं पाहिलं. एक वाक्य बोलायचा अवकाश होता. प्राची ते आज संध्याकाळी हैदराबादला पोचवणार होती, दिवाळीला लेक दारात येणार होती. आणि तेच वाक्य प्राचीच्या नणंदेच्या कानावरही जाणार होतं. ती नणंद नवनाथच्या आळीत दिलेली. आजवर या घरातून सांगितलेली कुठलीच गोष्ट एका कानावर थांबली नव्हती.

"मावशी, माझ्या गळ्याची शपथ आहे तुला. खरं सांग, ती तुला तिथं भेटली होती का?"

"भेटली ना," बाई म्हणाल्या. "जरा वाळलीय, पण बरी आहे."